नववीतील संस्कृत आणि घरची माणसे

नववीच्या वर्गात ‘संपूर्ण संस्कृत’ घेतलेला आणि त्यात गटांगळ्या खाणारा मुलगा किंवा मुलगी हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. तो विषय शाळेचा आहे, घराचा नव्हे, असे कित्येकांस वाटेल. परंतु चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाने जे पेरले ते रुजते की वाळते, हे बव्हंशी घरी ठरते असा माझा अनुभव आहे. विशेष हे की, जेथे आईबापांस संस्कृताचे एक अक्षर येत नाही अशा घरीही ते रुजू शकते.

प्रथम परिस्थिती पाहू. आपल्याकडील बहुतेक मराठी शाळांतून संस्कृताची गाठ आठवीत पडते. त्यापुढे दोन वाटा फुटतात. एक शंभर गुणांचे संपूर्ण संस्कृत. दुसरी संयुक्त, म्हणजे पन्नास गुण हिंदीचे आणि पन्नास संस्कृताचे. नववी-दहावीस संपूर्णवाल्यांना ‘आमोदः’ हे पाठ्यपुस्तक आणि संयुक्तवाल्यांना ‘आनन्दः’. दोन्ही नावांचा अर्थ हर्ष असाच आहे. तो हर्ष घरोघर कितपत पोहोचतो, हा प्रश्न मात्र वेगळा!

आता मूल संपूर्ण संस्कृत घेते ते कशासाठी? ‘त्यात गुण भरपूर मिळतात’ एवढ्यासाठी. गणिताप्रमाणे पैकीच्या पैकी मिळतात, हिंदीत तसे मिळत नाहीत, हा हिशेब आठवीच्या सुट्टीत पालक मांडतात आणि मुलाच्या वतीने निर्णय होऊन जातो. हा हिशेब मला पसंत नाही. गुण मिळतात हे खरे. पण ज्यास रूपे येतात त्यास ते मिळतात. ज्यास येत नाहीत त्याची उत्तरपत्रिका अगदी कोरी दिसते, कारण मराठीच्या पत्रिकेत जसे दोन ओळी इकडच्या, दोन ओळी तिकडच्या लिहून निभावून नेता येते, तसे येथे चालत नाही.

हा पेच केवळ आपलाच आहे असे नाही. सिंगापूर येथे माध्यमिक शाळांतून चिनी वंशाची मुले चिनी भाषा शिकतात. ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी तीच भाषा अधिक वरच्या दर्जाने शिकण्याची सोय आहे, आणि ज्यांना नेहमीचा अभ्यासही जड जातो त्यांच्यासाठी सौम्य अभ्यासक्रमही ठेविलेला आहे. तेथील पुष्कळ घरांत बोलणे इंग्रजीतच चालते. म्हणजे आजा-आजीची भाषा नातवाला पुस्तकातून शिकावी लागते. वरच्या दर्जाचा अभ्यास मुलाने घ्यावा की सोडावा, या चिंतेने तेथील आईबापही आपल्याइतकेच बेजार असतात.

याउलट आमच्या रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई गाव लागते. पोर्तुगीजांची सत्ता तेथून १७४० साली गेली. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित अशी एक निराळीच बोली अद्याप घरात बोलली जाते. त्या घरांतील मुले ती बोली आईकडून घेतात आणि मराठी शाळेतून व बाजारातून. त्यांना दोन भाषांचे ओझे वाटत नाही, याचे कारण उघड आहे. दोन्ही भाषांतून त्यांना कोणी तरी हाक मारीत असते, मासळीचा भाव विचारीत असते, रागे भरत असते. नववीतील आपल्या मुलाला संस्कृतातून हाक मारणारे कोणीच नाही. ती भाषा त्याला केवळ प्रश्न विचारते, आणि तेही गुण देण्यासाठी. त्याच्या अडचणीचे मूळ येथे आहे. त्याची बुद्धी मंद आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आळीत सुपारीची वाडी असलेले एक कुटुंब आहे. त्यांच्या मुलाला सहामाहीपूर्वीच्या चाचणीत संस्कृतात चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. त्याने ती उत्तरपत्रिका तांदळाच्या डब्यामागे दडविली, आणि ती सापडली तेव्हा घरात जे व्हायचे ते झाले. वडिलांनी लगोलग अलिबागेस शिकवणी लावली. आठवड्यातून दोन संध्याकाळी एस.टी.ने जायचे, रात्री परतायचे. महिन्याभराने मुलगा संस्कृताबरोबर गणितातही मागे पडला. आई माझ्याकडे आली नि म्हणाली, “गुरुजी, मला त्यातले ओ का ठो कळत नाही. मी काय त्याचा अभ्यास घेणार?” मी म्हटले, “वहिनी, तुम्हाला कळत नाही हेच बरे. तुम्ही विचारा, त्याला सांगू द्या.”

त्यांनी जे केले ते सांगण्याजोगे आहे. शिकवणी बंद झाली. रात्री जेवणे आटोपल्यावर वीस मिनिटे मुलाने धड्यातील चार वाक्ये मोठ्याने वाचायची, आणि आईने मराठीत विचारायचे, ‘काय केले? कोणी केले? कोणाला? कशाने? कुठे?’ एवढेच. मुलाने प्रत्येक प्रश्नाला वाक्यातील शब्दावर बोट ठेवून उत्तर द्यायचे. संस्कृत वाक्यात शब्द कोठेही बसलेले असतात. ओळीतील पहिल्या शब्दापासून अर्थ लावीत गेले की मूल हमखास रानात शिरते. प्रथम क्रियापद शोधावे, मग त्याचा कर्ता, मग कर्म, ही वाट सोपी. आईचे प्रश्न नेमके त्याच वाटेने जात होते. व्याकरणात यालाच अन्वय लावणे म्हणतात. ही गोष्ट त्या माउलीला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. वार्षिक परीक्षेत मुलाला काही नव्वद गुण मिळाले नाहीत, साठांच्या आतबाहेर मिळाले. पण उत्तरपत्रिका त्याने स्वतः आणून दाखविली.

आता रूपांविषयी. ‘देव’ शब्दाची चोवीस रूपे पाहून मुलाच्या पोटात गोळा येतो. त्याला ती चोवीस घरे कागदावर आखून द्यावीत आणि सारखी रूपे एका रंगाने रंगवावयास सांगावे. द्विवचनाच्या आठ घरांत केवळ तीनच रूपे आहेत. देवौ, देवाभ्याम् आणि देवयोः. अनेकवचनात चतुर्थी व पंचमी एकच, देवेभ्यः. प्रथमा व संबोधनही एकच, देवाः. मोजून पाहिले तर चोवीस घरांत सतराच निरनिराळी रूपे भरतात. हा शोध मुलाला स्वतःला लागू द्यावा. आपण सांगून त्यातील मौज घालवू नये. पाठांतर त्यानंतर करावे. पाठांतराला अलीकडे नावे ठेवण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. पाढे पाठ नसलेल्या मुलाचे गणित जसे अडते तसेच हे आहे. फक्त रविवारी तीन तास एका दमात घोकण्याऐवजी रोज दहा मिनिटे घोकावे, आणि ते मोठ्याने म्हणावे.

मराठी मुलाचे एक मोठे भाग्य आहे आणि त्याची जाणीव त्याला क्वचितच करून दिली जाते. ‘मुलाने ग्रंथ वाचला, मुलाने कथा वाचली, मुलाने पुस्तक वाचले’ हे तो चौथ्या वर्षापासून बिनचूक बोलत आला आहे. संस्कृतात हेच ‘बालकेन ग्रन्थः पठितः, बालकेन कथा पठिता, बालकेन पुस्तकं पठितम्’ असे होते. कर्ता तृतीयेत गेला, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरले. कर्मणी प्रयोगाचा हा भाग इंग्रजी वळणाने शिकविला की अवघड होतो, आणि मराठी शेजारी ठेविली की पाच मिनिटांत कळतो. तसेच ‘गम्’ धातूचे ‘गच्छति’ का होते म्हणून मूल कुरकुरते. त्याला विचारावे, बाबा रे, ‘जातो’चे ‘गेला’ कसे होते? संधीचेही असेच. प्रत्येक म्हणजे प्रति अधिक एक, इत्यादी म्हणजे इति अधिक आदि, सूर्योदय, महोत्सव, विद्यालय हे सारे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात येतात. सकाळी एका स्तंभातील जोडलेले शब्द पेन्सिलीने फोडून दाखवावयास सांगितले तर संधीचा निम्मा धडा चहाबरोबरच होऊन जातो.

परंतु शेजारीण जितकी जवळची तितके घोटाळेही अधिक. मराठीत राग म्हणजे क्रोध, संस्कृतात राग म्हणजे रंग किंवा प्रेम. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. (या दोहोंचा संबंध जुळविणारे आम्ही पंतोजीच असू, असे कोणी म्हटल्यास मला राग येणार नाही!) मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, संस्कृतात हालचाल, खटपट. ‘वस्तू’ मराठीत स्त्रीलिंगी, तर संस्कृतात ‘वस्तु’ नपुंसकलिंगी. आणि ऱ्हस्वदीर्घ तर विचारूच नका. मराठीच्या चालू नियमांप्रमाणे कवी, गुरू असे दीर्घ लिहावयाचे आणि पुढच्याच तासाला कविः, गुरुः असे ऱ्हस्व. मुलाचे अर्धे अर्धे गुण येथे गळतात आणि घरी ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोल लागतो. अशा शब्दांची एक वही स्वतंत्र करावी. शत्रूंची यादी जवळ असलेली बरी.

उच्चाराकडेही कोणी पाहत नाही. चटणीतला च आणि चंद्रातला च मराठीत वेगळे आहेत. संस्कृतात चंद्रातलाच तेवढा. मराठीत आपण ‘देव’ लिहितो पण शेवटचा अकार गिळतो, संस्कृतात तो पूर्ण उच्चारावा लागतो. हे कानांनीच शिकावयाचे असते. आकाशवाणीने १९७४ साली संस्कृतातून बातम्या देण्यास आरंभ केला. नववीच्या मुलाला त्या बातम्या समजतील अशी अपेक्षा नको, परंतु पाच मिनिटे ऐकून ओळखीचे दहा शब्द टिपून आणण्याचा खेळ करता येतो. या भाषेतून परीक्षेखेरीज आणखीही काही बोलले जाते, हे त्याला त्यामुळे कळते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. संपूर्ण सोडून संयुक्त घ्यावे काय? येथे घरोघर एक नाव पुढे येते, ते चिंतामणराव देशमुखांचे. ते आपल्याच जिल्ह्यातील नाते गावी १८९६ साली जन्मले, १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि त्यांनी संस्कृतातील पहिली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळविली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, तरी संस्कृताची गोडी सुटली नाही; मेघदूत त्यांनी मराठीत आणले. हे सर्व खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. पण चाळीसपैकी अकरा गुण मिळालेल्या मुलासमोर, ताटावर बसला असताना, हे नाव उच्चारू नये. त्यातून स्फूर्ती मिळत नाही, घास मात्र अडकतो.

त्याऐवजी दुसरे एक उदाहरण सांगावे. विनोबा भावे हेही याच जिल्ह्यातले, पेणजवळच्या गागोद्याचे, जन्म १८९५ चा. बडोद्यास शाळेत असताना त्यांची दुसरी भाषा फ्रेंच होती. संस्कृताकडे ते पुढे आपल्या इच्छेने वळले आणि १९१७ साली वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययनासाठी जाऊन राहिले. त्यांची ‘गीताई’ १९३२ साली प्रसिद्ध झाली. शाळेतल्या विषयांच्या तक्त्यात संस्कृत नव्हते म्हणून या माणसाचे काही अडले नाही.

तेव्हा निर्णय घेताना एकच गोष्ट नीट तपासावी. मुलाला भाषा समजत नाही, की मागचा भाग राहून गेल्यामुळे पुढचे समजत नाही? आठवीचे पुस्तक काढून त्यातील एक सोपा धडा त्याला वाचावयास द्यावा. तो धडा त्यास जमला, तर अडचण नववीच्या चारदोन प्रकरणांची आहे; ती दोन-तीन महिन्यांत भरून निघते. तोही जमला नाही, आणि रोज वीस मिनिटे याप्रमाणे सहा आठवडे सोबत बसूनही पुस्तक उघडताना मुलाचा चेहरा उतरतच राहिला, तर संयुक्त घेण्यात कमीपणा काडीचा नाही. त्यातही संस्कृत आहेच, आणि हिंदीही पुढे उपयोगी पडते. मात्र हा बदल मुलाला विचारून, त्याच्या शिक्षकांशी बोलून आणि वेळेवर करावा. दहावीच्या उंबरठ्यावर मंडळाकडे नावनोंदणी होऊन गेल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. शाळेत संयुक्ताची किंवा संपूर्णाची सोय आहे की नाही हेही आधी पाहावे. लहान गावांतून एकाच शिक्षकाच्या जिवावर दोन्ही वर्ग चाललेले असतात.

आणि शिक्षकांना भेटावयास जाताना मुलाला बरोबर न्यावे. त्याच्या पाठीमागे झालेल्या बोलण्याचा तो भलताच अर्थ लावतो. भेटीत ‘याला किती गुण पडतील’ असे न विचारता ‘याचे कोठे अडते’ असे विचारावे. शिक्षक वहीतील पाने उलटून बोट ठेवतील, लङ् लकार, ऋकारान्त शब्द, समासाचा विग्रह, जे असेल ते. तेवढ्याची यादी करून घरी आणावी, भिंतीवर लावावी, आणि जे जमेल त्यावर मुलाच्याच हाताने काट मारू द्यावी.