विज्ञान सांगणारा, औषध विकणारा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणारा औषध कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच कंपनीचा आणखी एक माणूस डॉक्टरांना भेटत असतो, पण तो सहसा तुमच्या नजरेस पडत नाही. त्याला मेडिकल सायन्स लायझन म्हणतात, थोडक्यात एमएसएल. मी हेच काम करते. एमडी, फार्मडी, पीएचडी झालेली माणसं या कामात येतात. कॅन्सर, मधुमेह, संधिवात असा एखादा विषय धरून त्यातलं संशोधन सतत वाचायचं आणि त्या विषयाच्या तज्ज्ञांशी त्यावर चर्चा करायची, हे आमचं काम. 1967 साली अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने अशी माणसं पहिल्यांदा नेमली.

तुमच्या मनात लगेच प्रश्न येईल, की पगार कंपनीचा, मग बोलणं निःपक्ष कसं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका खटल्यातून शोधू या.

1996 साली डेव्हिड फ्रँकलिन हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीत मेडिकल लायझन म्हणून रुजू झाले. कंपनीचं न्यूरॉन्टिन, म्हणजे गॅबापेंटिन, हे औषध 1993च्या अखेरीस अपस्माराच्या काही रुग्णांसाठी, तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीने वापरायला मंजूर झालं होतं. मंजुरीपलीकडच्या आजारात औषध द्यायचा निर्णय डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर घेऊ शकतो. कंपनीला मात्र त्याचा प्रचार करता येत नाही. फ्रँकलिन यांचा आरोप होता, की नेमका तोच प्रचार लायझनांकडून करवला जात होता. बायपोलर आजार, अर्धशिशी, निरनिराळ्या वेदना अशा कितीतरी तक्रारींसाठी हे औषध डॉक्टरांच्या गळी उतरवलं जात होतं. काही महिन्यांतच फ्रँकलिन यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी खटला भरला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बायपोलर आजारावर हे औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. 2004 साली पार्क-डेव्हिसची मूळ कंपनी वॉर्नर-लॅम्बर्ट हिने गुन्हा कबूल केला आणि 43 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. तोवर ती फायझरच्या ताब्यात गेली होती.

डॉक्टरांनी पार्क-डेव्हिसच्या त्या माणसांचं ऐकलं, कारण ती विक्रेते म्हणून आली नव्हती, शास्त्रज्ञ म्हणून आली होती. एमआर औषधाची भलामण करणार, हे डॉक्टर गृहीत धरतात आणि त्या हिशेबाने ऐकतात. शास्त्रज्ञापुढे ती सावधगिरी राहत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञाच्या तोंडून झालेली विक्री जास्त घातक असते.

यातून धडा एकच. एमएसएलचा पगार, बढती, बोनस यांचा औषधाच्या खपाशी संबंध ठेवता कामा नये. म्हणून चांगल्या कंपन्यांत तो सेल्सच्या हाताखाली नसतो, मेडिकल अफेअर्स या वैद्यकीय विभागात असतो. मंजुरीपलीकडच्या वापराची गोष्ट तो आपणहून काढत नाही. डॉक्टरांनीच विचारलं, तर उपलब्ध पुरावा सांगतो, विरोधात जाणारा पुरावाही सांगतो आणि त्या प्रश्नाची नोंद ठेवतो.

आकडे सांगण्यातही हीच कसोटी लागते. समजा, शंभरातल्या दोघांना हार्ट अटॅक यायचा आणि औषधाने तो एकालाच आला. ‘धोका निम्म्यावर आला,’ हे वाक्य खरंच आहे. पण शंभर जणांनी औषध घेतलं तेव्हा एकाचा अटॅक टळला, हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य ऐकून गोळी खपते; दुसरं ऐकल्यावर डॉक्टर समोरच्या रुग्णाचं वय, खर्च, दुष्परिणाम तोलून बघतात. माझं काम दोन्ही वाक्यं सांगण्याचं आहे. आणि चाचणीत वृद्ध किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण घेतलेच नसतील, तर तेही न विचारता सांगण्याचं.

आपल्याकडे मार्च 2024मध्ये औषधांच्या विपणनासाठी नवी आचारसंहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर तिने बंदी घातली, आणि ‘सेफ’ हा शब्द नुसता, बिनअटीचा वापरायलाही मनाई केली. पण तक्रारींची सुनावणी होते ती औषध कंपन्यांच्याच संघटनांनी नेमलेल्या समित्यांपुढे. तेव्हा नुसत्या संहितेवर विसंबून चालणार नाही.

तुम्हीही यात भाग घ्या. नवं औषध लिहून मिळालं, की डॉक्टरांना विचारा: हे माझ्या आजारासाठी मंजूर आहे का? माझ्यासारख्या किती जणांना त्याचा फायदा होतो? औषधाने त्रास झाला, तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. 2010 साली सुरू झालेल्या औषधसुरक्षेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो क्रमांक आहे आणि रुग्णालाही तिथे थेट तक्रार नोंदवता येते. चाचणीत काही हजार माणसं असतात, बाजारात आल्यावर तेच औषध लाखो लोक घेतात. चाचणीत न दिसलेला दुष्परिणाम पहिल्यांदा तुमच्यापैकीच कुणाच्या तरी लक्षात येऊ शकतो. तो कळवला गेला, तरच उद्या माझ्यासारखी व्यक्ती दुसऱ्या डॉक्टरांना त्याबद्दल सावध करू शकेल.