सुट्टीत रिकामं झालेलं अनाथालय

मला बोलायला बोलावलं तेव्हा विषय ठरला होता ‘सुट्टीत सेवा कशी करावी’. मी म्हटलं, कशी करावी हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी कशी केली तेवढं सांगतो. ते म्हणाले, चालेल. तर तसंच.

थोडी ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, वय २८, पुण्यात नोकरी. मूळ घर नगरचं, मराठी ख्रिस्ती कुटुंब. बायको फिजिओथेरपिस्ट. २०२४ च्या एप्रिलमध्ये, ईस्टर आटोपल्यावर, आम्ही दोघं १२ दिवसांसाठी कंबोडियाला गेलो. तिथल्या बट्टंबंग शहराबाहेरच्या एका अनाथालयात सेवा करायला. संस्थेचं नाव मी सांगणार नाही. ऐकल्यावर कळेल का ते.

हे सुरू झालं आमच्या मंडळीत. एका रविवारी उपासनेनंतर पाहुण्यांनी व्हिडिओ दाखवला. मुलं गाणी म्हणताहेत, हात हलवताहेत. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सगळे गोवा नाहीतर मनालीला जातात, आपण काहीतरी वेगळं करू, असं आम्हाला वाटलं. मी लपवत नाही, त्यात थोडी मिरवायची हौसही होती. मंडळीने ६० हजार रुपये जमवून दिले. एका मावशींनी पेन्शनमधून ५०० रुपये पाकिटात घालून दिले, वर ‘लेकरांना खाऊ’ असं लिहून. ते पाकीट लक्षात ठेवा. आमचे स्वतःचे १ लाख १० हजार. म्हणजे एकूण १ लाख ७० हजार. त्यात विमान, व्हिसा, राहणं, रंगपेट्या, फुटबॉल, सगळं आलं.

मुंबई, बँकॉक, सीम रीप आणि तिथून गाडीने बट्टंबंग. हा कंबोडियाचा भाताचा पट्टा. एप्रिलमध्ये शेतं सुकलेली, ऊन आपल्या विदर्भासारखं. थायलंडची सीमा जवळ, त्यामुळे गावागावातली कामाची माणसं पलीकडे बांधकामावर गेलेली. हे तेव्हा मला फक्त भूगोल वाटलं होतं.

अनाथालयात ३१ मुलं, वय ६ ते १६. पहिल्याच तासात मुलं आम्हाला ‘क्रू, क्रू’ म्हणायला लागली. क्रू म्हणजे शिक्षक. तो आपलाच ‘गुरू’ शब्द, संस्कृतातून तिकडे गेलेला. मी इतका खूश झालो की काय सांगू. दोन दिवस खेळ, गाणी, इंग्रजीचे शब्द. एक आठ वर्षांचा मुलगा होता, त्याला आपण दारा म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही. दारा म्हणजे तिकडे तारा, चांदणी. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत त्याने माझं बोट धरलं ते सोडलंच नाही. जेवताना धरलेलं, प्रार्थनेला धरलेलं.

रात्री मी बायकोला म्हटलं, "बघ, किती लवकर जीव लावला."

ती गप्प होती. मग म्हणाली, "आठ वर्षांचं मूल अनोळखी माणसाला पहिल्या दिवशी असं बिलगत नाही रे. माझ्याकडे लहान मुलं येतात ना, ती आधी आईच्या मागे लपतात."

मी म्हटलं, "प्रेमाची भूक असेल."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि कूस वळवली.

१२ एप्रिलला दुपारी फाटकाशी मोटारसायकली यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ख्मेर नववर्ष सुरू होणार होतं. आपली दिवाळी असते ना तसं. अख्खा देश गावाला जातो. एक बाई उतरली, तिच्या मागून दोन मुली पळत गेल्या. मग एक काका आला. मग एक आजोबा, मग नवराबायको दोघं, बरोबर तान्हं बाळ. मी व्हरांड्यात उभा राहून मोजत होतो, सवयच आहे. संध्याकाळपर्यंत ३१ पैकी २६ मुलं घरी गेली.

घरी. अनाथालयातून घरी.

मला पहिल्यांदा जो विचार आला तो सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आता आमच्या कार्यक्रमाचं काय? बाहुलीनाट्याची सगळी तयारी झाली होती.

मागे पाच मुलं उरली, त्यात दारा. आम्ही व्यवस्थापकांशी बोलायला गेलो. पन्नाशीचे, शांत माणूस. इंग्रजी बरं. ते स्वतः पोल पॉटच्या काळात, म्हणजे १९७५ ते १९७९ मध्ये, आईवडील गमावलेले. त्यांच्या पिढीतली मुलं खरोखर अनाथ होती, आणि हे घर त्या आठवणीतूनच उभं राहिलं होतं. ते चोर नव्हते, हे मला स्पष्ट सांगायचंय. त्यांनी सरळ सांगितलं. बहुतेक मुलांना कुणी ना कुणी आहे. गरिबी आहे, आई सीमेपलीकडे कामाला आहे, शाळा लांब आहे. इथे जेवण आणि शाळा मिळते म्हणून ठेवतात.

बायकोने विचारलं, "आणि या पाचांना कुणी नाही?"

"दोघांना नाही," ते म्हणाले. "तिघांना आहे. पण तुम्ही भारतातून येणार होतात. मागे एकदा नववर्षात पाहुणे आले, घर रिकामं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे पाठवले नाहीत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्या ऑफिसात रिलीजच्या आठवड्यात सुट्टी का मिळणार नाही हे मॅनेजर जसं समजावतो, तसं ते समजावत होते. दारा तिघांतला एक होता. त्याची आजी ३५ किलोमीटरवर राहायची. आम्ही त्याची सेवा करायला गेलो होतो आणि तो सणाला घरी न जाता आमच्यासाठी थांबला होता.

बायको उठली आणि म्हणाली, उद्या सकाळी टुकटुक कितीला मिळेल?

तिघांपैकी एकाला त्याचा मामा येऊन घेऊन गेला. दुसरीचं गाव फार लांब होतं, तिचं आम्हाला जमलं नाही. दाराला आम्ही नेलं. वाटेत पोरं रस्त्यावर पाणी उडवत होती, तोंडाला पांढरी पावडर फासत होती, तीच त्यांची धुळवड. गावात खांबांवर उभं लाकडी घर. खाली सावलीत त्याची आजी बसलेली. आजीला तिकडे ‘येय’ म्हणतात. तिला मोतीबिंदू, तिने आवाजावरून ओळखलं. आणि दाराने माझं बोट सोडलं. चार दिवस धरलेलं बोट. पळत गेला, तिच्या मांडीत डोकं खुपसलं, आणि आम्ही निघेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. आजीने आम्हाला केळीच्या पानात उकडलेला चिकट भात दिला, आत डुकराचं मांस. मी आयुष्यात खाल्लेलं ते सगळ्यात अवघड जेवण. चवीमुळे नाही.

परत आल्यावर मी विचारलं, दाराला घरीच ठेवायचं तर काय लागेल? व्यवस्थापकांनी बोटांवर हिशेब केला. सायकल, वह्या, तांदूळ, आणि शेजारच्या मावशीला थोडे पैसे, आजीला दिसत नाही म्हणून. महिन्याला साधारण ३५ डॉलर. मी रात्री स्प्रेडशीट उघडली. आमच्या १ लाख ७० हजारांत दारा जवळजवळ पाच वर्षं घरी राहिला असता. "मग तुम्ही असं का करत नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "बंक बेडला देणगी मिळते. आजीला कोण देणार?"

पुण्यात आल्यावर मी वाचत बसलो. हे सगळं आधीपासून माहीत होतं हो. कंबोडिया सरकार आणि युनिसेफ यांच्या २०११ च्या अहवालात आहे की अशा संस्थांतल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, जिवंत होते. २००५ ते २०१० या पाच वर्षांत संस्था १५४ वरून २६९ झाल्या, अनाथ वाढले म्हणून नव्हे. पाहुणे आणि देणग्या येतात तिथे घरं उभी राहतात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावच केला की मुलांना कुटुंबापासून तोडू नका, आणि अनाथालयांतल्या स्वयंसेवक सहलींमुळे होणारं नुकसान थांबवा. आणि ते बोट धरणं? रोमानियात २००० सालापासून संस्थांतल्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवलं. जी लहान वयात कुटुंबात गेली, ती आपल्या माणसाला धरून राहायला शिकली. संस्थेत वाढलेल्या मुलांत कुणालाही बिलगणं जास्त दिसतं. कारण माणसं बदलत राहतात. आमच्यासारखी. १२ दिवसांची.

इथे कुणी म्हणेल, मग पंडिता रमाबाई? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुलींना आणलं, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आम्ही मराठी ख्रिस्ती त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. पण तो दुष्काळ होता, मुली रस्त्यावर मरत होत्या. आणि रमाबाई शेवटपर्यंत, १९२२ पर्यंत, केडगावलाच राहिल्या. त्यांचं परतीचं तिकीट नव्हतं.

तरी मला संस्थांना नावं ठेवता येत नाहीत, कारण माझी आजी. ती सात वर्षांची असताना तिला नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगात ठेवलं होतं. ती शिकली, नर्स झाली, म्हणून माझे वडील शिकले, म्हणून मी इथे माईकसमोर आहे. मी तिला फोन केला आणि दाराची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबू, मडमा आल्या की आम्हाला पांढरे फ्रॉक घालून उभं करायचे. आणि माझी आई रविवारी कुंपणापाशी यायची, बोरं घेऊन." आजीला आई होती, हे मला २७ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरातली गोष्ट कायम ‘अनाथ पोर मिशनने वाढवली’ अशीच. मी विचारलं, तुला राग येतो का? म्हणाली, "कशाचा राग? भाकरी मिळाली. पण आईला दोन भाकऱ्या कुणी दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मंडळीत अहवाल द्यायचा होता. मी दाराचे फोटो काढून टाकले आणि जे घडलं ते सांगितलं. लोकांना आवडलं नाही. एक वडीलधारे म्हणाले, "आम्ही पैसे देऊन चूक केली असं म्हणायचंय का तुम्हाला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की याकोबाच्या पत्रात ज्या वचनाचा आपण कायम दाखला देतो, तिथे अनाथांबरोबर विधवाही आहेत. लेकरू आणि त्याची आई, दोघं. आपण एकट्या लेकराचा फोटो काढून आणतो. त्यावर कुणी काही बोललं नाही. ५०० रुपयेवाल्या मावशी बाहेर भेटल्या, म्हणाल्या, "मग आता आजीला पाठवू या की." त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि एक, हे आपल्याकडे सरकारला कळलेलं आहे बरं का. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आईवडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलाला संस्थेत न टाकता घरी, नातेवाइकांकडे ठेवता यावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. फॉर्म भरायला लोकांना मदत लागते, कागदपत्रं जुळत नाहीत. माझी बायको आता महिन्यातल्या दोन शनिवारी तेच करते, पुण्यातच. त्याचा व्हिडिओ होत नाही. रांगेत उभ्या बायका आणि झेरॉक्स, काय दाखवणार?

दारा सणानंतर परत संस्थेत गेला. आजीला दिसत नसताना तो घरी कसा राहणार. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि नवं शालेय वर्ष सुरू होताना तो घरी आला. व्यवस्थापक तीन मुलांवर हे करून बघायला तयार झाले आहेत, ‘ट्रायल’ म्हणून. पैसे मंडळीतली अकरा माणसं देतात. अकराच. ज्या दोन मुलांना खरंच कुणी नाही ती अजून तिथेच आहेत, त्यांचं काय हे मला माहीत नाही.

सुरुवातीला दर महिन्याला सायकलवरच्या दाराचा फोटो यायचा. मधे दोन महिने आला नाही. मी ‘फोटो पाठवा’ असा मेसेज टाईप केला, आणि बायकोने मागून वाचला. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी तो पुसला आणि लिहिलं, ‘तांदळाची पावती पाठवा.’

पावती आली. ख्मेरमध्ये आहे, मला वाचता येत नाही.