मोटार थांबविणारी दोरी

(नभोवाणीवर झालेलें भाषण)



घरांतील शिवणाचें यंत्र घ्या. चालविणारीचा पाय थांबला, कीं सुई थांबते. सायकलवरून माणूस पडला, तर सायकलहि त्याच्याबरोबर आडवी होते. बैलगाडी हांकणाऱ्याला डुलकी लागली, तरी बैल आपले डोळे उघडे ठेवून घराची वाट धरतात. परंतु मनुष्यानें अशींहि कांहीं यंत्रें निर्माण केलीं आहेत, कीं धनी जागेवर आहे किंवा नाहीं, याची त्यांना दादच नसते. लहान होडीच्या पिछाडीला अडकविण्याची औटबोर्ड मोटार हें त्यांपैकींच एक होय. चालविणारा पाण्यांत पडला, तरी ती धांवतच राहते, आणि पुष्कळदां वळून त्याच्याच अंगावर येते. अशा वेळीं तिला आवरणारी एक हातभर दोरी असते. ज्या जुन्या मोटारीला ती नाहीं, तिला ती कशी जोडावी, आणि जोडल्यावर तिच्यावर कितपत विसंबावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कांहीं वर्षें माझें वास्तव्य अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत होतें. तेथें तळीं हजारोंनीं आहेत. या मोटारीचा घरोघर प्रसार झाला तोहि तेथूनच. ओल एव्हिनरूड नांवाचा नॉर्वेमध्यें जन्मलेला कारागीर मिलवॉकी शहरीं राहत असे. १९०६ च्या उन्हाळ्यांत आपल्या प्रियेसाठीं तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणावयास तो वल्हीं मारीत गेला, आणि परत येईपर्यंत तें वितळून गेलें, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १९०९ सालीं त्यानें दीड अश्वशक्तीची मोटार विकावयास काढली, आणि लहान होड्यांचें जग पालटून गेलें.

तेथें असतांना मींहि एक जुनी होडी आणि तिच्याबरोबर १९५० नंतरच्या दशकांतील दहा अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची मोटार विकत घेतली. ती पहिल्या दोन ओढींत सुरू होई, याचा मला अभिमान वाटे. ती थांबविण्याला वेगळी कळ मात्र नव्हती. वेगाचा दांडा मागें मागें आणीत ‘थांबा’ या खुणेपर्यंत न्यावयाचा, म्हणजे ती हळूं हळूं गप्प होई.

एके दिवशीं माझा नऊ वर्षांचा मुलगा पुढच्या फळीवर बसला होता. लोंबणारा नांगराचा दोर आवरण्यासाठीं मी क्षणभर उभा राहिलों, इतक्यांत शेजारून गेलेल्या मोठ्या नौकेची लाट आडवी आली. सुकाणूचा दांडा हातांतून सुटला, होडीनें एकदम गिरकी घेतली, आणि मी कमरेपर्यंत होडीबाहेर लोंबलों. कांठ हातीं लागला म्हणून वांचलों. मोटार थांबवून मी धापा टाकीत बसलों असतां मुलानें विचारलें, “बाबा, तुम्ही पडलां असतां, तर ही मीं कशी थांबवायची?” मजपाशीं उत्तर नव्हतें. त्याला पोहणें शिकविलें होतें, वल्हें धरावयास शिकविलें होतें. दांडा मात्र त्याच्या हातीं कधीं दिलाच नव्हता.

होडी अशी गिरकी कां घेते, तें पाहूं. या होडीला वेगळें सुकाणू नसतें. मोटार जिकडे वळवावी, तिकडे होडी वळते. दांडा मोकळा सुटला, कीं फिरत्या पंख्याच्या रेट्यानें मोटार एका अंगाला झुकते आणि होडी घाण्याच्या बैलाप्रमाणें गोल फिरूं लागते. पडलेला मनुष्य त्या वर्तुळांत किंवा त्याच्या कडेवरच असतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२०० फेरे घेत असेल, तर एका सेकंदांत १६० वेळां पातें फिरून जातें. त्यापुढें उत्तम पोहणाऱ्याचेंहि कौशल्य व्यर्थ होय.

आतां मोटारीच्या पोटांत शिरूं. जुन्या मोटारीला बॅटरी लागत नाहीं. ती आपली ठिणगी आपणच पाडते. या योजनेला मॅग्नेटो म्हणतात. वरच्या जड चक्रांत लोहचुंबक बसविलेला असतो. चक्र फिरलें, कीं चुंबक तारेच्या वेटोळ्यावरून जातो आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. नेमक्या क्षणीं ‘पॉइंट’ नांवाच्या दोन टिकल्या एकमेकींपासून दूर होतात, प्रवाह तुटतो, आणि त्या हिसक्यानें शेजारच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत इतका विद्युद्दाब चढतो, कीं स्पार्क प्लगमध्यें ठिणगी उडते. ही ठिणगी बंद करावयाची, तर पॉइंट उघडल्यावरहि प्रवाहाला दुसरी वाट मोकळी असली पाहिजे. वेटोळ्याचें टोंक मोटारीच्या धातूच्या अंगाशीं जोडून दिलें, कीं प्रवाह तुटत नाहीं. आणि तो तुटला नाहीं, म्हणजे ठिणगीहि नाहीं.

येथेंच नवशिक्याची चूक होते. घरांतील दिव्याची कळ प्रवाह तोडून दिवा मालविते. मॅग्नेटोची कळ प्रवाह जोडून मोटार मालविते. बाजारांत दोन्ही जातींचे किल स्विच मिळतात. आपल्याला हवा तो असा, कीं दोरीचा चिमटा कळीच्या गळ्यांत अडकलेला असतां आंतील टोंकें अलग राहावींत, आणि चिमटा निसटतांच स्प्रिंगनें तीं एकत्र यावींत. उलट जातीचा स्विच बसविला, तर दोरी लावली असतां मोटार सुरूच होणार नाहीं, आणि दोरी निघाल्यावर ती खुशाल चालेल! दुसरी गोष्ट, बॅटरीची तार या तारेला चुकूनहि लावूं नये. पुढील काळांतील बिनपॉइंटच्या मोटारींत तर त्यानें महागडी इलेक्ट्रॉनिक पेटी जळून जाते.

माझ्या मोटारीला बाहेर काढलेली तारच नव्हती. म्हणून चक्र उतरविणें भाग पडलें. चक्र निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलें असतें. तें काढण्यास मध्यभागच्या आट्यांच्या भोंकांत बसणारा ओढणीचा पान्हा वापरावा; कडेला पहार लावून उचकटूं नये, कीं हातोडा घालूं नये. चक्राखालीं दोन सिलिंडरांचीं दोन वेटोळीं आणि दोन पॉइंट दिसले. पॉइंटांतील फट माझ्या मोटारीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें एक इंचाचे २० हजारांश ठेवली. प्रत्येक पॉइंटाच्या अलग ठेवलेल्या टोंकाला एक एक मऊ तार जोडली आणि रबराच्या कड्यांतून बाहेर काढली. वेगाचा दांडा हलविला, कीं आंतील तबकडीहि फिरते. म्हणून तारांना पुरेशी सैल दिली.

या दोन तारा बाहेर आल्यावर त्यांना एकत्र पिळून एकाच कळीला जोडण्याचा मोह होतो. तसें मुळींच करूं नये. एका सिलिंडराचे पॉइंट उघडतात, तेव्हां दुसऱ्याचे मिटलेले असतात. तारा कायमच्या जोडल्या, तर एकाची वीज दुसऱ्याच्या मिटलेल्या पॉइंटांतून निघून जाईल आणि मोटार कधींच चालणार नाहीं. यासाठीं दोन अलग वाटांचा स्विच घ्यावा. चालतांना दोन्ही तारा परस्परांपासून आणि मोटारीच्या अंगापासून अलग असाव्यात. दोरी निघतांच दोन्ही अंगाशीं जोडल्या जाव्यात. स्विच पाण्यापासून बंदिस्त असावा, आणि बसलेल्या जागेवरून हाताशीं यावा.

हें सारें काम एका दुपारचें आहे. परंतु तें पुरें झालें, कीं मनाला जी निश्चिंतता वाटते, तिच्यांतच धोका आहे. कारण ही कळ बिघडली, तर तें कळत नाहीं. तार तुटली, टोंकाला गंज चढला, तरी मोटार पूर्वीसारखीच चालते. फक्त थांबावयाच्या क्षणीं ती थांबत नाहीं. म्हणून दर वेळीं किनारा सोडण्यापूर्वीं मोटार पाण्यांत हळूं चालवून दोरी ओढून पाहावी. मोटार गप्प झाली, तरच पुढें जावें. जादा दोरी होडींत ठेवावी. कारण पडलेल्याबरोबर पहिली दोरी पाण्यांत जाते, आणि मागें राहिलेल्याला त्याला आणावयास मोटार पुन्हां सुरू करावी लागते. आणि माणूस जवळ येतांच ती पुन्हां बंद करावी, हेंहि त्याला शिकविलें पाहिजे.

दोरी असणें निराळें, आणि ती अंगाला बांधणें निराळें. ५ मे १९१३ नव्हे, आपल्याच काळांतील, ५ मे २०१३ चा प्रसंग सांगतों. इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत पॅडस्टो गांवाजवळच्या खाडींत सहा जणांचें एक कुटुंब वेगवान नौकेंतून पाण्यांत फेंकलें गेलें. नौकेला किल स्विच होता, दोरीहि होती. पण ती चालविणाऱ्याच्या अंगाला बांधलेली नव्हती. रिकामी नौका गोल फिरत राहिली. त्यांत वडील आणि आठ वर्षांची मुलगी यांचा अंत झाला, आणि उरलेले चौघे जखमी झाले. शेवटीं दुसऱ्या नौकेंतून एकानें त्या धांवत्या नौकेवर उडी घेतली, तेव्हां ती थांबली.

अमेरिकेंत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान आणि तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या नौकेला असा स्विच असेल, तर वेगानें जातांना त्याची दोरी बांधणें कायद्यानें आवश्यक झालें. परंतु ज्या जुन्या नौकांना स्विच मुळीं नव्हताच, त्यांच्यावर तो बसविण्याची सक्ति नाहीं. म्हणजे जुन्या मोटारीच्या धन्याला कायदा विचारीत नाहीं. त्यानें स्वतःलाच विचारावयाचें.

आपल्या कोंकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरहि लहान होड्यांना या मोटारी लागलेल्या दिसतात. सुटींत आपण अशा होडींत मुलांना घेऊन बसतों. पुढच्या वेळीं बसतांना होडीवाल्यादादांच्या मनगटाकडे किंवा मांडीकडे सहज एक दृष्टि टाका. दोरी नुसती लोंबत असेल, तर ती बांधण्याची विनंति करावयास संकोच बाळगूं नका.

माझ्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याला पुढच्या रविवारीं दिलें. तळ्याच्या मध्यावर जाऊन त्यालाच दोरी ओढावयास सांगितली. मोटार थांबली, तळ्यावर एकदम शांतता पसरली. त्यानें ती तीनदां ओढून पाहिली, आणि मगच आम्ही पुढें निघालों.