शिजवू तेवढे संपवू
(विहाराच्या महिला मंडळातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वैशाख पौर्णिमेच्या भोजनदानानंतर आम्ही मंडळाच्या बायका पत्रावळी उचलायला लागलो, तेव्हा टाकलेल्या भाताच्या आणि बुंदीच्या दोन बादल्या भरल्या. आमच्यातल्या एक आजी मान फिरवून म्हणाल्या, "बायांनो, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडून सुकडी खाल्ली. हे बघवत नाही गं." त्याच दिवशी आम्ही ठरवलं, हा विषय सर्वांपुढे मांडायचा.

आपल्या वाडवडिलांनी दारोदार भाकरतुकडा मागून, गावाचं शिळं-उष्टं खाऊन दिवस काढले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे खाणे सोडा, असे निक्षून सांगितले. म्हणूनच आजही काही घरांत रात्रीचं अन्न सकाळी खाणं कमीपणाचं वाटतं. पण इथे गल्लत होते. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं नाकारणं हा स्वाभिमान आहे. आपल्याच कष्टाच्या पैशाची, आपल्याच पातेल्यातली चांगली भाजी मोरीत ओतणं हा स्वाभिमान नव्हे. आणि तीच भाजी दोन दिवसांनी कामवाल्या बाईच्या हातावर ठेवणं तर आपल्याला मुळीच शोभत नाही. द्यायचंच तर ताजं असताना, आपण जेवायच्या आधी काढून द्यावं.

लग्नात आणि हॉटेलात नासाडी होते, असे आपण म्हणतो. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घराघरांतले होते.

भगवान बुद्धांनी कोसलचा राजा पसेनदी याला जेवणात मात्रा ओळखायला शिकवले. ती मात्रा आपल्या चुलीपासून सुरू होते. तांदूळ अंदाजाने नको, वाटीने मोजावेत. एका वाटीचा जवळपास तीन वाट्या भात होतो. बाहेर जेवून कोण येणार, हे आधी विचारावं. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी फोडणी द्यावी. चपातीचा कुस्करा करावा, घट्ट डाळ पिठात मळून थालीपीठ लावावं. मात्र आंबलेलं, वास आलेलं खाऊ नये, कुणाला देऊही नये. पोरांना आधी थोडंच वाढावं, मग पुन्हा.

विहाराच्या वर्धापनदिनाच्या भोजनदानाला प्रत्येक घराने किती माणसं येणार ते दोन दिवस आधी सांगावं. पहिली वाढ आम्ही कमीच वाढू. पुन्हा मागायला कुणी लाजू नका, आम्ही पंगतीत फिरतच राहू. फक्त त्या आजींवर पुन्हा मान फिरवायची वेळ येऊ नये, एवढीच आमची विनंती.

जयभीम!