माझी गोष्ट कुणाच्या कामाची?

(छत्रपती संभाजीनगर येथे बचतगटांतील मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

नोकरी शोधताना, धंदा करताना स्वतःची गोष्ट कशी सांगावी, यावर आज मला बोलायला सांगितलं आहे. पण आधी माझीच एक चूक सांगते.

समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. पदवी घेऊन मी नुकतीच कामाला लागले होते. संस्थेला मदत देणारे पाहुणे येणार होते. मुकुंदवाडीच्या एका गटातल्या बाईंना मी म्हटलं, ‘तुमची कहाणी सांगा.’ त्या उभ्या राहिल्या. नवऱ्यानं टाकलं, दिरानं घराबाहेर काढलं, सगळं सांगितलं. पाहुण्यांचे डोळे भरून आले, फोटो निघाले. शेजारच्या टेबलावर त्यांनी लाटलेले उडदाचे पापड होते, ते तसेच राहिले. संध्याकाळी पिशवी भरताना त्या म्हणाल्या, ‘ताई, मपलं रडणं समद्यांनी घेतलं. पापड कुणी घेतले न्हाईत.’

चूक त्यांच्या सांगण्यात नव्हती, माझ्या विचारण्यात होती. ‘काय सोसलंत?’ एवढंच मी विचारलं. ‘काय करता?’ हे विचारलंच नाही.

असं का होतं? सल्ला केंद्रात आम्ही बाईचा अर्ज लिहितो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागायची तर मार, तारीख, जखम, सगळं नोंदवावंच लागतं. तिथे दुःख हा पुरावा असतो, ते लपवायचं नाही. पण तीच गोष्ट घेऊन बाई वाळूजच्या ठेकेदारापुढे किंवा गुलमंडीच्या दुकानदारापुढे गेली, तर तो काय ऐकतो? ‘हिला गरज आहे, कमी पैशात राहील.’ म्हणजे तिची अडचण तिच्याच पगारातून कापली जाते. म्हणून न्यायासाठी सांगायची गोष्ट वेगळी आणि कामासाठी सांगायची गोष्ट वेगळी. दोन्ही खऱ्याच. फक्त जागा ओळखायची.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. चौदाव्या वर्षी त्यांचं तान्हं बाळ गेलं. पण २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात त्या जाहीर बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा सहानुभूती मागायला नाही. मी अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, लोकांनी वाळीत टाकलं तर काय करीन, असे लोकांच्या तोंडी असलेले प्रश्न घेऊन त्यांनी उत्तरं दिली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपलं शिक्षण नियमात पुरतं बसत नसेल, हे त्यांनी झाकलं नाही. मात्र आप्तांचा, जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार, हीच आपली पात्रता म्हणून पुढे ठेवली. येण्याचं कारणही सांगितलं: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांवर उपचार करणं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत त्या गेल्या, हे आपलं दुर्दैव. पण ते पत्र आजच्या कोणत्याही बायोडाट्याला धडा देईल.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायकांना चेतना सिन्हांसोबत स्वतःची बँक काढायची होती. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण बऱ्याच जणी अंगठेबहाद्दर. बायकांनी अक्षरं गिरवली आणि पुन्हा मुंबई गाठली. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, यंत्राशिवाय सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ‘आम्हाला शाळा मिळाली नाही’ हे त्यांनी सांगितलं, पण वाक्य तिथे संपवलं नाही. पुढे ‘पण हिशोब येतो’ हे जोडलं, आणि करून दाखवायची तयारी ठेवली.

आता आपल्याकडे या. आमच्या केंद्रातली एक मैत्रीण दुकानात गल्ल्यावर बसायच्या कामासाठी गेली. ‘आधी काय केलंत?’ असं विचारल्यावर म्हणाली, ‘काही नाही, घरीच होते.’ ही बाई नऊ वर्षं गटाचं पुस्तक लिहीत होती! बारा बायकांचे हप्ते तिला तोंडपाठ. पुढच्या मुलाखतीआधी आम्ही चार वाक्यं बसवली: काय करते, किती वर्षं करते, कुठे अडले नि त्यातून कशी सुटले, आता काय काम हवं. दुसऱ्या दुकानात तिनं गटाचं पुस्तकच पुढे ठेवलं. मालकानं तरीही विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’ ती म्हणाली, ‘घर मी चालवते. कामाची वेळ नि पगार सांगा.’ नोकरी मिळाली. पगार मात्र मनासारखा नाही, त्यासाठी ती अजून भांडते आहे.

हेही ध्यानात ठेवा. चांगली गोष्ट सांगता आली म्हणजे सगळं साधतं, असं नाही. पाळणाघर, स्वच्छ संडास, रात्रपाळीनंतर घरी पोचायची सोय, समान दाम, हे मागायलाच हवं. नाहीतर उद्या आपल्यालाच ऐकवतील, ‘तुला बोलता आलं नाही, म्हणून काम मिळालं नाही.’

आणि संस्थांमधल्या आम्हा ताईंनाही एक सांगणं. बाईची गोष्ट बाईच्या मालकीची. किती सांगायचं, कुठे थांबायचं, फोटो काढू द्यायचा की नाही, हे तिनं ठरवायचं. ‘नको’ म्हटल्यानं तिची मदत अडता कामा नये.

त्या पापडवाल्या बाईंची मी पुढे माफी मागितली. त्या हसल्या नि म्हणाल्या, ‘आता पापड कसे इकायचे ते सांगा.’ आम्ही दोघींनी बसून एक चिठ्ठी लिहिली: डाळ कुठली, लाटते कोण, किती दिवस टिकतात. त्यात रडणं नव्हतं. त्यांचं नाव मात्र होतं, त्यांनीच लिहायला सांगितलेलं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली चार वाक्यं घेऊन या. लिहिता येत नसेल तर बोला, शेजारची लिहील.