छपाईची चूक समजू नका
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोलायला सांगितलं होतं. बँकेतला माणूस, दुसरं काय बोलणार! पण आज मी माझ्या घरातल्या एका चुकलेल्या नोंदीबद्दल बोलणार आहे. मुलाची परवानगी घेतली आहे.

आमचा मुलगा दत्तक, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. देवळी तालुक्यातल्या एका कुटुंबात बाप गेला, आईला तीन लेकरं झेपेनात. धाकटं दोन वर्षांचं पोट्टं आमच्या ओटीत आलं. रीतसर दत्तकपत्र नोंदवलं. मला वाटलं, जुनं खातं बंद झालं.

त्याची मोठी बहीण राखीच्या दिवशी एसटीने पुलगावला उतरून आपल्या फाटकाशी यायची. मी राखी घ्यायचो, पाणी द्यायचो, हातावर दोनशे रुपये ठेवायचो आणि तिथूनच परत पाठवायचो. पोरगं आपल्याला परकं होईल, ही भीती. तीन वर्षं आली, मग यायची थांबली.

पुढे पासपोर्टसाठी कागद शोधताना मुलाला दत्तकपत्र सापडलं, सोबत तीन राख्या. तो म्हणाला, "बाबा, दत्तक घेतलं याचं काही नाही जी. पण ताईला फाटकावरून परत पाठवलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

नंतर मी कायदा नीट वाचला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने जन्मघराशी नातं तुटतं. पण ज्यांच्याशी त्या घरात लग्न झालं नसतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही होत नाही. म्हणजे रक्ताचं नातं कायदाही विसरत नाही! आज संस्थेतून दत्तक देताना भावंडांना शक्यतो एकाच घरी देतात, आणि अठरा वर्षांनंतर मुलाला आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. आफ्रिकेतल्या इथिओपियातून कितीतरी मुलं अमेरिका-युरोपात दत्तक गेली. २०१८ मध्ये त्या देशाने परदेशी दत्तक बंदच केलं. पण गेलेल्या मुलांची भावंडं तिकडेच राहिली. काही पालक मुलांना घेऊन समुद्रापार त्यांना भेटायला जातात. आणि मी? देवळी इथून किती लांब आहे हो?

आम्ही तिघं गेलो. पहिल्या भेटीत कोणी फार बोललं नाही. बहिणीने भाकर वाढली, मोठ्या भावाने शेत दाखवलं. सौ.ने एक शहाणपण केलं. मोठ्या भेटवस्तू नेल्या नाहीत. म्हणाली, "आपण उपकार करायला नाही, ओळख करायला चाललो." पैशाची अडचण निघाली तर आधी आमच्याशी बोलायचं, मुलावर ओझं टाकायचं नाही, हेही मोकळेपणाने ठरवलं. मुलगा त्यांच्या आईला 'मोठी आई' म्हणतो. सौ.ला पहिल्यांदा टोचलं. आता दोघी फोनवर तास-तास बोलतात.

मुलगा परका झाला नाही, बाप्पा! उलट आमचंच गणगोत वाढलं. बँकेत खातं दुसऱ्या शाखेत गेलं तरी मागच्या नोंदी कोणी फाडत नाही. एवढं साधं मला निवृत्तीनंतर कळलं.

तरुण आई-वडिलांना एवढंच सांगतो, मुलाला खरं लवकर सांगा, तुमच्याच तोंडून. आणि शेजाऱ्यांनो, कुजबुज करू नका.

निघणाऱ्या स्मरणिकेत 'कुटुंब परिचय' आहे. आमच्या घरापुढे दोन नावं जास्त दिसतील, मुलाच्या ताईचं आणि दादाचं. छपाईची चूक समजू नका. नोंद आता बरोबर झाली आहे.