पुस्तक वाजवून घ्यावे

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात वाचक मंडळाच्या बैठकीपुढे केलेले भाषण)



वाचक मंडळाच्या चालकांनी आज आम्हांस दोन शब्द बोलावयास उभे केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली ती प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे. साहित्यशास्त्राची मोठी चर्चा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि ते त्यांनी वाचावे म्हणून काय करावे, या एका प्रश्नाशी आमची बरीच वर्षे झटापट झाली. तोच प्रश्न आता मोठ्या माणसांच्या मंडळातही उभा आहे. म्हणून एकमेकांस पुस्तक सुचवावे कसे, एवढ्याच विषयावर आम्ही यथामति बोलणार आहोत.

आपल्या बैठकीत सध्या काय चालते ते आपण सर्व जाणता. एखादे गृहस्थ उठतात, पुस्तकाचे नाव सांगतात, “फार छान आहे, सर्वांनी जरूर वाचावे,” असे म्हणतात आणि बसतात. बाकीचे माना डोलावतात. पुढच्या बैठकीस ते पुस्तक कोणीही वाचलेले नसते. मोबाईलवर तर याहूनही सोपे झाले आहे. कोणाकडून तरी पुस्तकांची यादी येते, ती आपण न वाचताच पुढे ढकलतो आणि वाङ्मयसेवा केल्याचे समाधान मानतो. याला शिफारस म्हणता येईल काय? आठवड्याच्या बाजारात आपल्यापुढे मडक्यांची उतरंड लावलेली असते. गिऱ्हाईक येते, “छान आहे, घ्या” एवढ्यावर ते मडके घेते काय? ते मडके हाती घेते, उन्हाकडे धरून चीर आहे का पाहते, बोटाने टिचकी मारते, कान लावते आणि खणखणीत वाजले तरच पैसे मोजते. दोन पैशांच्या मडक्यासाठी जी सावधगिरी, ती ज्या पुस्तकाला आयुष्याचे चार-सहा दिवस द्यावयाचे त्यासाठी नको काय?

वाजवून घेण्याची ही रीत आपणांस कोणी परक्याने शिकवावी असे नाही. आपल्या जिल्ह्यातील तेर हे गाव ग्रीक लेखकांना ‘तगर’ या नावाने ठाऊक होते. परंतु आपल्याला ते प्रिय आहे ते गोरोबाकाकांच्या समाधीमुळे. महिपतींनी 1762 साली पुरा केलेल्या ‘भक्तविजया’त येणारी एक कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातील थापटण्याकडे गेले. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी, असे काकांनी सांगितले. मग आमचीही परीक्षा करा, असा आग्रह झाला आणि काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्वांनी ते शांतपणे सोसले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे.

या कथेतील पुढचा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. नामदेवराय दुखावले, पण त्यांनी संतांचा संग सोडला नाही. औंढ्या नागनाथास जाऊन त्यांनी विसोबा खेचरांस गुरू केले आणि आपले ज्ञान पक्के करून घेतले. म्हणजे त्या बैठकीत परीक्षा होती, तीत एक जण उणा ठरला, आणि त्या उणेपणातून त्याचे कल्याण झाले. वाचक मंडळ याहून निराळे काय असावे? तेथे पुस्तकाची परीक्षा व्हावी, आणि ती होता होता वाचणाऱ्याचीही व्हावी.

मंडळींनी मिळून वाचावे ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ 1702 सालचा, ‘पांडवप्रताप’ 1712 सालचा. आज तीनशे वर्षे होऊन गेली तरी चातुर्मासात गावोगाव या पोथ्या लागतात. एक जण ओव्या म्हणतो, दुसरा जाणता माणूस अर्थ सांगतो, आणि अक्षरओळख नसलेली आजीही त्यात वाटेकरी होते. हा ठेवा थोर आहे. फरक इतकाच की पोथीपुढे आपण हात जोडून बसतो, पोथीशी वाद घालीत नाही. पुस्तकापुढे मात्र हात मोकळे ठेवून बसावे लागते. आवडले तर का आवडले, खटकले तर कोठे खटकले, हे तोंडाने सांगावे लागते. ती सवय आपल्याला कमी आहे.

ती कमी का, याचे एक कारण आपल्या इतिहासातही आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. जाहीर सभा भरवावयाची तर गश्ती निशाण 53 या फर्मानाखाली सरकारची आगाऊ परवानगी लागे. ज्या भाषेत आई ओवी म्हणे त्या भाषेत चार माणसांनी उघडपणे बोलणे जेथे सोपे नव्हते, तेथे चर्चेची सवय लागावी कशी? आज परवानगी मागावी लागत नाही. तरीही आपण बैठकीत मुकाट बसलो, तर तो दोष आता कोणत्याही निजामाचा म्हणता येणार नाही.

आता शिफारस कशी करावी ते पाहू. आमच्या अल्पमतीस चार गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली ही की, सुचविणाऱ्याने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे. आव्यात अर्धवट भाजलेला माल बाजारात मांडणारा कुंभार एकदाच फसवू शकतो, दुसऱ्या वेळी त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

दुसरी ही की, पुस्तक कोणासाठी ते सांगावे. सर्वांनी वाचावे असे पुस्तक विरळा. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली त्यांचा भाव हाच की, नेमका वाचक आणि नेमके पुस्तक यांची गाठ घालून द्यावी. उदाहरणच देतो. भास्कर चंदनशिव हे आपल्या कळंब तालुक्यातील हासेगावचे. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकातही आली होती. भाव कोसळल्यामुळे शेतकरी भर बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायाखाली तुडवितो, अशी ती हकीगत आहे. ही कथा आम्ही कोणास सुचवू? ज्याने स्वतः घडविलेला माल पडत्या भावाने विकून संध्याकाळी रिकाम्या हाताने घर गाठले आहे, अशा प्रत्येकास. प्लॅस्टिकच्या घागरी आल्यावर आपल्या किती घरांनी हा अनुभव घेतला, हे आम्ही सांगावयास नको. “छान कथा आहे” असे म्हटल्याने जो वाचणार नाही, तो “ही तुमच्या बाजारची गोष्ट आहे” असे म्हटल्याने वाचील.

तिसरी गोष्ट, पुस्तकातील उणीवही सांगावी. आरंभीची पाने रेंगाळतात, भाषा अवघड आहे, अमुक मत आम्हांस पटले नाही, असे सांगितल्याने पुस्तकाचा अपमान होत नाही, उलट सुचविणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. चौथी गोष्ट, पुस्तक सुचविले की ते मिळण्याची वाटही दाखवावी. आपली प्रत द्यावी, किंवा कोणत्या ग्रंथालयात आहे ते सांगावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 साली झाला. त्याखाली मान्यता व अनुदान मिळणारी ग्रंथालये आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांचे सभासद होण्यास फार मोठा खर्च येत नाही.

येथवर बहुतेकांची संमती असेल. आता थोड्या नाजूक विषयाकडे वळतो.

आपल्या मंडळात गेल्या वर्षी अशी सूचना आली की, हे मंडळ समाजाचे असल्यामुळे येथे समाजाच्या संतांची, समाजाच्या इतिहासाची आणि समाजातील लेखकांचीच पुस्तके सुचविली जावीत. सूचना करणारे गृहस्थ आम्हांहून वडील आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. चाक थांबलेल्या घरातील मुलांना आव्याची रचना, मातीत राख आणि लीद कालविण्याचे प्रमाण, इतकेच काय पण अवजारांची नावेही आज ठाऊक नाहीत. आपले आपण वाचले नाही तर दुसरा कोण वाचणार, ही त्यांची तळमळ खरी आहे.

परंतु गोरोबाकाकांच्या बैठकीत कोण कोण बसत होते, ते पाहा. नामदेव शिंपी, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखामेळा महार, ही सगळी त्याच संतमेळ्यातील माणसे. काकांनी केवळ आपल्या जातीची मडकी वाजविली असती, तर नामदेवांचे कच्चेपण कोणी ओळखले असते? ज्यांच्या नावाने आपण एकत्र येतो त्यांच्याहून आपले दार अरुंद ठेवणे आपणांस शोभत नाही. 2020 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरले, तेव्हा संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. ती गोष्ट काकांच्या परंपरेस साजेशीच झाली.

म्हणून आम्ही या मंडळास तीन पुस्तके सुचविली. दया पवार यांचे ‘बलुतं’, 1978 सालचे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, 1980 सालचे. आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, 1987 सालचे. गायकवाड लातूरकडील धनेगावचे, आणि 1982 पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणजे ते एका अर्थी आपल्या घरचेच. ही पुस्तके कोणासाठी, असे विचाराल तर आपल्यासाठीच. बारा बलुतेदारांत आपण होतो, तेव्हा ‘बलुतं’ या शब्दात आपलाही वाटा आहे. ‘उपरा’तील कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर चालते, आणि आपली माती गाढवाच्या पाठीवर येत असे. यांतील उणीव म्हणाल तर भाषा राकट आहे, आणि काही पाने घरातील सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याजोगी नाहीत.

यावर बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. दुसऱ्याचे दुःख आपल्या मेळाव्यात कशाला, असे त्या वडील गृहस्थांनी विचारले. तेव्हा आपल्यातील एक भगिनी, ज्यांनी ‘बलुतं’ वाचले होते, उठून एवढेच म्हणाल्या, “काका, मडके आपण घडवून त्यांना दिले, पण ते भरावयास गावाने त्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही. आपल्या मडक्याची ही अर्धी गोष्ट मला घरात कोणी सांगितली नव्हती. पुस्तकाने सांगितली.” सभा क्षणभर स्तब्ध झाली. समाजाचा इतिहास वाचावा असे ज्यांना वाटते, त्यांनीही विचार करावा की, तो इतिहास दुसऱ्याच्या पुस्तकात लिहिलेला असेल तर तो वाचावयाचा की नाही?

त्या वडील गृहस्थांनी ते पुस्तक घरी नेले. त्यांचे मत अद्याप बदललेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पूर्वी ते पुस्तक न वाचता विरोध करीत, आता पान क्रमांक सांगून भांडतात. आम्हांस हा मोठाच लाभ वाटतो. मतैक्य होणे हा वाचक मंडळाचा हेतू नव्हेच. जो वाचून भांडतो तो मंडळाचा खरा सभासद.

शेवटी एक सूचना करून आम्ही आवरते घेतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना काढली. निवडक पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरत राहतात. त्या पेट्या परदेशातील मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या. आपल्या ऐपतीप्रमाणे आपणही असे का करू नये? जिल्ह्याचे आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याची एक लहानशी पेटी असावी. सभासद कुटुंबाने वर्षातून एक पुस्तक, एखाद्या लग्नातील आहेराच्या खर्चातून वाचवून, तीत घालावे. पेट्या भूम, परांडा, वाशी, कळंबकडून धाराशिव, तुळजापूर, लोहारा, उमरग्याकडे फिरत्या ठेवाव्यात. आणि प्रत्येक पेटीत एक साधी वही असावी. वाचणाऱ्याने तीत चार ओळी लिहाव्यात: पुस्तक शेवटपर्यंत वाचले काय, ते कोणास द्यावे, कोठे खटकले, आणि आपण कोणाच्या सांगण्यावरून ते वाचले. सासरी गेलेल्या मुलीने लिहिलेल्या चार ओळी माहेरच्या माणसांस वाचावयास मिळाव्यात, याहून गोड शिफारस कोणती?

आपल्या हातांनी शतकानुशतके लोकांच्या घरी थंड पाणी पोहोचविले. आता त्याच हातांनी घरोघर पुस्तक पोहोचवावे. मात्र देताना आणि घेताना ते वाजवून पाहावे, आणि कधी थापटणे आपल्याच मस्तकावर पडले तर नामदेवरायांप्रमाणे पुढचा रस्ता धरावा, ही आपणा सर्वांस नम्र विनंती.